मित्र की भाऊ : कोणावर कोणतं ओझं टाकावं?

एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, लग्न केलेलं नाही, जुळे सोलापुरात स्वतःच्या कमाईचा फ्लॅट. वडील वारले, ७२ वर्षांची आई सोबत राहते. मोठा भाऊ पुण्यात. शहराच्या पूर्व भागात वडिलांच्या नावावर असलेल्या घरावरून वाद झाल्यापासून त्याच्याशी बोलणं सणापुरतंच. शाळेपासूनचे पाच मित्र मात्र रोजच्यातले. 'हे पाच जण मला भावापेक्षा जवळचे आहेत. पुढच्या आयुष्याची भिस्त त्यांच्यावर ठेवली तर चूक होईल का?'

चूक होणार नाही, पण काम अर्धवट राहील. 'कोणतं नातं जास्त मजबूत' याला एकच उत्तर नाही, कारण ताकद कशासाठी लागणार आहे ते आधी ठरवावं लागतं. रात्री अडीचला सिव्हिलला पोहोचणं हे एक काम. अर्धांगवायू झालेल्या माणसाला दोन वर्षं कुशीवर वळवत राहणं हे दुसरं. आणि बँकेत 'तुम्ही यांचे कोण?' असं विचारल्यावर उत्तर देता येणं हे तिसरं. पहिल्यात मित्र बहुतेक वेळा भावाच्या पुढे असतो. दुसऱ्यात मित्र फार दिवस पुरे पडत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. तिसऱ्यात तर कागद आधी केलेला नसेल तर मित्र कोणीच नसतो.

समाजशास्त्रात हा भेद जुना आहे. युजीन लिटवाक आणि इव्हान सेलेनी यांनी १९६९ साली नातेवाईक, शेजारी आणि मित्र यांची कामं वेगवेगळी असतात असं मांडलं. तातडीचं काम शेजाऱ्याचं, वर्षानुवर्षांचं बंधन नातेवाइकांचं, आणि ज्यात आपल्याच वयाचा, आपल्यासारख्या परिस्थितीतला माणूस लागतो ते मित्राचं. सोलापुरातही हेच दिसतं. फक्त आपण शेजाऱ्याला हिशोबात धरत नाही आणि मित्राकडून तिन्ही कामांची अपेक्षा करतो.

पहिले काही तास

इथे अंतर नात्यावर मात करतं. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. पुण्याहून गाडीने सोलापूर गाठायला जवळजवळ तेवढेच तास जातात. म्हणजे भाऊ कितीही प्रेमाचा असला, फोन ठेवताक्षणी निघाला, तरी या कामाला तो उपयोगाचा नाही. जुळे सोलापुरातल्या घरी पंधरा मिनिटांत येऊ शकणारा माणूसच इथे मोलाचा. तो मित्र असेल तर उत्तम, पण समोरच्या दाराचा शेजारी असेल तर त्याहून उत्तम.

या कामासाठी पाचही मित्रांना सांगून ठेवू नका. पाचांना सांगितलं की प्रत्येक जण दुसरा गेला असेल असं धरून चालतो. एकाचं नाव पहिलं, एकाचं दुसरं, असं ठरवा. पहिल्याकडे घराची किल्ली द्या, एक शेजाऱ्याकडेही ठेवा. आईच्या आणि तुमच्या चालू गोळ्यांची यादी मात्रेसकट, अ‍ॅलर्जी असेल तर ती, विम्याच्या कार्डाचा आणि आधारचा फोटो, हे सगळं त्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. तुमच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन संपर्कात त्यांची नावं टाका. आणि एक गोष्ट त्यांना पाठ करून ठेवायला सांगा: पक्षाघातात डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'शेवटचं नीट बोलताना-चालताना कधी पाहिलं?' हा असतो. त्याचं उत्तर घड्याळाच्या वेळेत द्यावं लागतं. 'सकाळपासून बरं नव्हतं' एवढ्यावर साडेचार तास मोजता येत नाहीत.

सहीबद्दल विनाकारण धसका घेतला जातो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते, भावाचीही नाही. रुग्ण बेशुद्ध आणि जीव धोक्यात असेल, तर डॉक्टर कोणाच्याही सहीसाठी न थांबता उपचार करू शकतात. अडचण मधल्या जागेत येते: तातडीचं नाही, पण रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नाही. तिथे फॉर्मवर 'नातेवाईक' असं छापलेलं असतं आणि मित्राला बाजूला बसवतात. त्याचा उपाय पुढे कागदांच्या भागात आहे.

रक्त मित्राचं, मूत्रपिंड भावाचं

'रक्ताचं नातं' म्हणून अभिमानाने रक्त द्यायला पुढे येणाऱ्या सख्ख्या नातेवाइकाला रक्तपेढी कधी कधी नको म्हणते. लोक दुखावतात, पण कारण पक्कं आहे. जवळच्या नातेवाइकाच्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या जुळतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं समजून नष्ट करत नाही. मग त्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीवावर बेततं. म्हणून असं रक्त किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याशिवाय देत नाहीत. मित्राच्या रक्तात हा धोका नगण्य असतो. रक्तदात्याचं वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि दोन रक्तदानांत पुरुषाला ९० तर स्त्रीला १२० दिवसांचं अंतर, एवढं सांभाळलं की पाच मित्रांचा गट ही चांगली जमेची बाजू आहे. सगळ्यांचे रक्तगट एका ठिकाणी लिहून ठेवा.

मूत्रपिंड निकामी झालं तर चित्र पूर्ण उलटतं. सख्ख्या भावंडाशी ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता २५ टक्के, अर्धा मेळ बसण्याची ५० टक्के. मित्राशी असा मेळ बसला तर तो निव्वळ योगायोग. शिवाय १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातली २०११ ची दुरुस्ती यांनुसार जवळचे नातेवाईक कोण ते ठरलेलं आहे: पती-पत्नी, आईवडील, मुलंमुली, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं. यादीबाहेरच्या माणसाला जिवंतपणी अवयव द्यायचा असेल तर प्राधिकार समितीपुढे जाऊन हे केवळ जिव्हाळ्यातून आहे, पैशाचा व्यवहार नाही, हे सिद्ध करावं लागतं. समिती दोघांची मिळकत, जुने फोटो, ओळखीचे पुरावे पाहते. अशी परवानगी मिळते, पण वेळ खाते. ज्या भावाशी बोलणं सणापुरतंच, तो या यादीत आपोआप आहे. जिवाभावाचा मित्र नाही.

लांबणारं आजारपण

पाच मित्रांची ताकद मोजायची तर आकड्यात मोजा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तास कोणीतरी लागतं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, नळीतून भरवणं, स्वच्छता, औषधं. आठ तासांची एक पाळी धरली तर आठवड्याच्या २१ पाळ्या. पाच मित्रांत वाटल्या तर प्रत्येकाला चारहून जास्त. प्रत्येकाची नोकरी, लेकरं, त्याच्या घरचे म्हातारे. पहिला आठवडा झकास जातो, अगदी सिव्हिलच्या आवारात रात्री चहाच्या गाडीवर हास्यविनोद चालतो. दुसऱ्या आठवड्यात अदलाबदली सुरू होते. तिसऱ्यात एकदोघांवरच येऊन पडतं, आणि त्यांच्या घरी कुरबुर सुरू होते. चौथ्यात कोणीतरी हळूच म्हणतो, 'याच्या भावाला कळवलं का रे?' ही मैत्री कच्ची असल्याची खूण नाही. एवढं काम पाच संसारी माणसांच्या मोकळ्या वेळात मावत नाही, इतकंच.

मग कुटुंबात ते कसं मावतं? इथे स्पष्ट बोललं पाहिजे. 'कुटुंब शेवटपर्यंत करतं' असं म्हणतो तेव्हा बहुतेक घरांत आपण एका बाईबद्दल बोलत असतो: सून, बायको किंवा माहेरी परतलेली मुलगी. २१ पैकी अठरा पाळ्या तिच्याच असतात. तिची नोकरी सुटते, नाहीतर ती विड्या वळत असेल तर रोजचा आकडा घटतो. कुटुंबाची ताकद म्हणून जे कौतुक होतं ते पुष्कळदा तिला नाही म्हणता येत नाही म्हणून होतं. तुमच्या घरी ती बाई नाही. त्यामुळे आईच्या म्हातारपणाचा आणि तुमच्याही आजारपणाचा हिशोब 'कोणीतरी करेल' यावर ठेवू नका. पगारी माणूस ठेवण्याचा खर्च आत्ता धरा. मित्रांकडून दर आठवड्याला एकेक पाळी मागा, म्हणजे पाच पाळ्या. बाकी सोळा पगारी माणूस, तुम्ही स्वतः आणि भाऊ. भावाचा वाटा रोजचा असण्याची गरज नाही: दर तीन महिन्यांनी सलग एक आठवडा, आणि पगाराच्या खर्चात ठरलेली रक्कम. आठवड्याला एक पाळी मित्र वर्षभर निभावतात. चार पाळ्या महिनाभरही निभत नाहीत.

आईच्या बाबतीत एक आधार मित्रापाशी नाही, भावापाशी आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली ती प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दोन्ही मुलांविरुद्ध अर्ज करू शकते आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. अर्ज कराच असं नाही. पण भावाशी बोलताना हे माहीत असावं.

कागद : जिथे मित्र दिसतच नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई ही पहिल्या वर्गातली वारस, फ्लॅट तिच्याकडे. तिच्यानंतर तो तिच्या मुलाकडे, म्हणजे मोठ्या भावाकडे. आई आधी गेली असेल तर वडील नसल्यामुळे थेट भावाकडे. कोणत्याही वाटेने गेलात तरी शेवट पुण्यातच होतो, आणि पाच मित्र त्या वाटेवर कुठेच येत नाहीत. एकही वारस सापडला नाही तर संपत्ती सरकारकडे जाते, मित्राकडे तेव्हाही नाही. तुमची हीच इच्छा असेल तर काही करायला नको. नसेल तर मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, तुम्ही सही केल्याचं दोघांनीही पाहिलेलं हवं. ज्या मित्राला काही देताय त्यालाच साक्षीदार करू नका, नंतर संशयाला जागा राहते. शक्य तर साक्षीदार वयाने तुमच्याहून लहान आणि सोलापुरातच राहणारे घ्या, कारण उद्या कोर्टात त्यांनाच उभं राहायचं आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून एका मित्राचं नाव घालता येतं. त्यासाठी पाचांतला सगळ्यात जवळचा निवडू नका, सगळ्यात टापटिपीचा निवडा.

नामनिर्देशन म्हणजे वारसा, ही समजूत घट्ट बसलेली आहे आणि ती चूक आहे. बँकेच्या ठेवीला मित्राचं नाव लावलं तर बँक त्याच्या हाती पैसे देईल, पण तो ते वारसांच्या वतीने धरलेला माणूस असतो. मृत्युपत्र नसेल तर भाऊ ते मागू शकतो. गृहनिर्माण संस्थेतही नामनिर्देशित माणूस वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. भविष्यनिर्वाह निधीत तर आणखी कडक आहे: तुमच्यावर अवलंबून असलेली आई 'कुटुंब' धरली जाते, त्यामुळे ती असताना मित्राचं नाव टाकलं तर ते बादच. ग्रॅच्युइटीचंही तसंच. कुटुंबच नसेल तर तिऱ्हाइताचं नाव चालतं, पण पुढे लग्न झालं की ते आपोआप रद्द होतं आणि नव्याने भरावं लागतं. हे भरायचं बहुतेक जण विसरतात.

मुखत्यारपत्राबद्दलही एक भ्रम आहे. 'मित्राच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, मला काही झालं तर तो बघेल.' नाही बघू शकणार. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं किंवा तो मेला की ते संपतं. म्हणजे नेमकं ज्या दिवशी हवं त्या दिवशी ते चालत नाही. कोमातल्या माणसाचं खातं चालवायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. यावर व्यवहारातला उपाय म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं एक संयुक्त खातं, ज्यात दोन-तीन महिन्यांच्या उपचाराला पुरेल एवढीच रक्कम असेल. आयुष्यभराची पुंजी त्यात ठेवू नका. मित्र प्रामाणिक असला तरी त्याच्यावर उद्या वसुली निघाली तर ते खातंही अडकू शकतं.

एका ठिकाणी मात्र कायद्याने मैत्रीला दार उघडं ठेवलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, मानसिक आजारात निर्णय घेण्याची क्षमता गेली तर तुमच्या वतीने कोण बोलेल ते तुम्ही आधी ठरवू शकता, आणि तो कोणीही सज्ञान माणूस असू शकतो. साध्या कागदावर तुमची सही आणि त्या माणसाची लेखी संमती असली की पुरे. त्यात मित्राचं नाव भावाच्या वर लागतं. शारीरिक आजारासाठी इतकी सोपी तरतूद नाही. तरीही एका कागदावर 'माझ्या उपचारांची माहिती अमुक मित्राला द्यावी, निर्णयात त्याचं मत घ्यावं' असं लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. तो बंधनकारक नाही, पण काउंटरवर 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला हातात काहीतरी असतं. भावालाही त्याची प्रत पाठवा. मित्र आणि भाऊ आयसीयूच्या दारात पहिल्यांदा समोरासमोर येणं यासारखी दुसरी वाईट वेळ नाही.

सरकारी योजनांत कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, ते त्या कार्डावर. आईचं नाव कोणाच्या कार्डावर आहे ते आजच पाहा. वाद झालेल्या घरांत ते बऱ्याचदा जुन्या पत्त्याच्या कार्डावर, दुसऱ्या भावाकडे पडून असतं.

पैसा

मैत्री बहुधा भांडणाने तुटत नाही, जामिनाने तुटते. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात, मित्र मित्राकडे येतो, आणि 'फक्त सही' होते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही, ती थेट तुमच्या पगारावर येऊ शकते. म्हणून जेवढी रक्कम उद्या स्वतः भरू शकाल तेवढ्यालाच सही. भावाला जामीन राहिलात आणि बुडालात तर निदान वाटणीत वळतं करून घेण्याची एक जागा असते, मित्राच्या बाबतीत तीही नसते.

हातउसने पैसे देताना रक्कम, तारीख आणि परतीची मुदत यांचा एक मेसेज पाठवा आणि 'हो' असं उत्तर घ्या. मित्राला संकोच वाटला तर वाटू दे. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. त्याआधी काही रक्कम परत आली किंवा लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत उसनी घेणं आयकराच्या नियमात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. आणखी एक फरक कोणी सांगत नाही: भावाने कितीही पैसे भेट दिले तरी कर नाही. पण मित्र आणि इतर परक्यांकडून वर्षभरात मिळालेली भेट एकूण ५०,००० च्या वर गेली की सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाते. तुमच्या ऑपरेशनसाठी पाच मित्रांनी प्रत्येकी २०,००० टाकले, तर ते उसने आहेत की भेट हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

मित्रांची भिशी चालवत असाल तर पहिल्या दोन महिन्यांत उचलणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. भिशी फुटते ती तिथून.

मैत्री कशाने झिजते

सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबर यांनी शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींचा दीड वर्ष अभ्यास केला. भेटी कमी झाल्या की मैत्रीतली जवळीक लवकर उतरते, नातेवाइकांतली तितकी उतरत नाही, असं त्यात दिसलं. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही ही म्हण एवढ्यापुरती खरी. (विहिरीच्या वाटणीला ती लागू पडत नाही.) डनबर यांच्याच मांडणीत अगदी आतल्या वर्तुळात साधारण पाच माणसं मावतात आणि त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी संपर्क असतो. त्याबाहेरच्या वर्तुळात, हे पाच धरून, साधारण पंधरा जण, त्यांच्याशी महिन्याकाठी. तुमचे पाच आतल्या वर्तुळात आहेत ते रोजच्या भेटीमुळे. त्यातले दोघे हिंजवडीला गेले तर वर्षभरात गणित बदलेल, कोणाचीही चूक नसताना.

पुरुषांच्या मैत्रीला नुसता फोन पुरत नाही, सोबत काहीतरी करावं लागतं. त्याच अभ्यासात मुलींची मैत्री बोलण्याने टिकली, मुलांची एकत्र काही करण्याने. ग्रुपवर शुभ सकाळ पाठवणं हे काही करणं नव्हे. सोलापुरात यासाठी तयार सोयी आहेत. रविवारी सकाळी कंबर तलावाची फेरी, थंडीत हुरडा, कोजागरीला तुळजापूरची पायी वारी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजाचा सराव. यातलं एक कायमचं ठरवून टाका, दर वेळी 'कधी भेटायचं' हे ठरवायला लागू नये म्हणून. आणि नवा मित्र जोडायचा असेल तर वेळेची तयारी ठेवा: कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त सोबत लागली. विड्या वळायला रोज पाच तास एकत्र बसणाऱ्या बायकांचे हे २०० तास चाळीस दिवसांत भरतात. महिन्यातून एकदा दोन तास हॉटेलात भेटणाऱ्यांना आठ वर्षं लागतील. चाळिशीनंतर मैत्री होत नाही असं लोक म्हणतात, त्यात वयापेक्षा तासांचा वाटा मोठा.

गटाबद्दल एक धोका. पाचांतला एकच जण सगळ्यांना फोन करतो, जमवतो, रुसवे काढतो असं असेल, तर तुमच्याकडे पाच नाती नाहीत, एकच आहे. तो बदलीवर गेला की गट विरतो. बाकीच्या चौघांशी तुमचं एकेकट्याने भेटणं होतं का ते पाहा. होत नसेल तर वरच्या याद्यांत त्यांची नावं सध्या घालू नका.

आता भावाचं

मित्र आहेत म्हणून भाऊ नको, असा हिशोब तुमच्या पत्रात दिसतो. तो भाऊबंदकीच्या रागातून आला आहे. घराचा वाद आणि आईची देखभाल हे दोन विषय एकाच फोनवर बोलू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. घर वडिलांच्या स्वकष्टाचं असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी १/३ हिस्सा. अशा वादांत दोघं भाऊ अर्ध्या-अर्ध्यावर भांडत असतात आणि आईचा तिसरा हिस्सा दोघांच्याही हिशोबात नसतो. तिच्याकडून कोणीही घाईने हक्कसोडपत्र करून घेऊ नये, तुम्हीही नाही. तिला स्वतःचा हिस्सा कोणाला द्यायचाच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं दस्तात स्पष्ट लिहून द्यावा. तशी अट लिहिलेली असेल तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली, घेणाऱ्याने सांभाळलं नाही तर हस्तांतर रद्द होऊ शकतं. घेणारा मुलगा असो की तिऱ्हाईत. अट लिहिली नसेल तर हे फार अवघड जातं.

सिटी सर्व्हेचा उतारा काढा, त्यावर आज कोणाची नावं आहेत ते बघा, आणि वाटणीपत्र नोंदवून घ्या. मध्यस्थ म्हणून तुमच्या पाच मित्रांपैकी कोणालाही नेऊ नका, भावाच्या लेखी तो तुमचाच वकील असतो. दोघांनाही मान्य असा मामा किंवा आत्या चालेल. इथे नात्यातलं माणूसच लागतं.

आणि मृत्युपत्रात भावाला काही द्यायचं नसेल तर त्याचं नाव गाळू नका. 'मोठे बंधू अमुक यांना मी जाणूनबुजून काही देत नाही, कारण वडिलांच्या घरातला त्यांचा हिस्सा त्यांना मिळाला आहे' असं एक वाक्य घाला. अर्थात तो मिळाल्यावरच. नाव गाळलेलं मृत्युपत्र कोर्टात विसरभोळेपणाचं किंवा कोणाच्या दबावाखालचं म्हणून वाचता येतं, आणि त्याचा त्रास तुमच्या मित्राला होतो.